चार्ज रिपोर्ट घरचाही हवा

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

१५ सप्टेंबरला अभियंता दिनी विश्वेश्वरय्यांच्या तसबिरीला हार पडतो आणि धरणे, पूल, रस्ते यांवर भाषणे होतात. ती व्हावीतच. पण सभागृहात बसलेल्यांपैकी निम्मेअधिक निवृत्त असतात, आणि त्यांच्या घरचा एक प्रश्न कुठल्याच भाषणात येत नाही. सरकारी खात्यात असताना कार्यकारी अभियंत्यापासून शाखा अभियंत्यापर्यंत कोणीही चार्ज दिल्याशिवाय खुर्ची सोडत नाही. चालू कामांची यादी, मोजमाप पुस्तके, ठेकेदारांच्या अनामत रकमा, भांडारातले सिमेंट-लोखंड, कपाटांच्या चाव्या, सगळे कागदावर येते आणि खाली दोन सह्या होतात. तोच माणूस घरचा कारभार मात्र डोक्यात ठेवतो. पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) कोणत्या कपाटात आहे, पेन्शनची कपात कधी संपते, सेप्टिक टँक कुठे पुरली आहे, पाया किती मजल्यांचा आहे, हे त्या एकट्याला ठाऊक. मुले पुण्या-बंगळुरूला किंवा त्याहून लांब. तो अंथरुणाला खिळला किंवा गेला, की सत्तरीतली पत्नी पिशवीभर कागद घेऊन नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधल्या कचेऱ्यांचे जिने चढते.

घरच्या चार्ज रिपोर्टमध्ये काय असावे आणि ते नसले की नेमके कुठे अडते, ते येथे लिहीत आहोत. पेन्शनचा भाग महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ ज्यांना लागू आहेत त्यांच्यासाठी आहे. १ नोव्हेंबर २००५ पासून सेवेत आलेल्यांची व्यवस्था निराळी आणि केंद्राच्या खात्यांतल्यांची आणखी निराळी. घरातली अभियंता बाई असेल तर 'पत्नी'च्या जागी 'पती' वाचावे.

सुरुवात पीपीओपासून. विदर्भ-मराठवाड्यातल्या राज्य कर्मचाऱ्यांचा पीपीओ नागपूरच्या महालेखापाल कार्यालयातून निघतो. एक प्रत कोषागारात जाते, दुसरी आपल्या हाती येते. बहुतेक जण तिच्यावरचा पेन्शनचा आकडा पाहतात आणि प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून ठेवतात. ज्या रकान्यांवरून पुढे अडते ते दुसरेच असतात: पत्नीचे नाव, तिची जन्मतारीख, कुटुंब निवृत्तिवेतनाचे (पेन्शनर गेल्यावर पत्नीला मिळणाऱ्या पेन्शनचे) दोन दर आणि वाढीव दर कोणत्या तारखेपर्यंत आहे ती तारीख. पत्नीचे नाव पीपीओवर 'शकुंतला', आधारवर 'शकुंतलाबाई' आणि बँकेत माहेरचे मधले नाव, अशी त्रिस्थळी यात्रा असेल तर तिघांपैकी कोणाचे खरे मानायचे हे ठरवण्यातच काही महिने जातात. दुरुस्ती आधी आधारची करावी, मग पॅन आणि बँकेची, आणि शेवटी पीपीओची. क्रम उलटा केला की तेच काम दोनदा होते.

जन्मतारखेचे जरा सविस्तर सांगायला हवे. ८० वर्षे पूर्ण झाली की निवृत्तिवेतनात वाढ मिळते, आणि ती कुटुंब निवृत्तिवेतन घेणाऱ्या पत्नीलाही मिळते. कोषागार ही वाढ नोंदलेल्या जन्मतारखेवरून देते. नोंदच नसेल तर वाढ कशावरून द्यायची? जुन्या पीपीओंवर हा रकाना पुष्कळदा कोराच असतो. त्या पिढीतल्या अनेक बायकांकडे शाळा सोडल्याचा दाखला नसतो आणि आधारवर नुसते वर्ष किंवा ठोकळ १ जानेवारी असते. पेन्शनर हयात असताना त्याच्या सहीचा अर्ज, सेवापुस्तकातली कुटुंबाच्या तपशिलाची नोंद आणि पत्नीचा जन्मतारखेचा पुरावा जोडून, ज्या कार्यालयातून निवृत्त झालो त्याच कार्यालयामार्फत महालेखापालांकडे दुरुस्ती मागता येते. तो गेल्यावर हेच काम तिला एकटीला करावे लागते. तोवर विभागाचे नाव बदललेले असते, उपविभाग दुसऱ्या विभागात विलीन झालेला असतो आणि जुना बाबू स्वतःच निवृत्त झालेला असतो.

आता आकडे. समजा शेवटचे मूळ वेतन १,००,००० रुपये होते. पेन्शन त्याच्या निम्मी, ५०,०००. त्यातली ४० टक्क्यांपर्यंत रक्कम विकता येते, म्हणजे तेवढ्या भागाऐवजी एकरकमी पैसे घेता येतात. २०,००० विकले तर हाती येणारी मूळ पेन्शन ३०,०००, पण महागाई वाढ पूर्ण ५०,००० वर मिळते. ती ३०,००० वर लावली जात असेल तर चूक आहे, लगेच कोषागाराला लिहावे. विकलेला भाग कपात सुरू झाल्यापासून १५ वर्षांनी परत मिळू लागतो. येथे दोन ठिकाणी घोटाळा होतो. पहिला म्हणजे १५ वर्षे निवृत्तीच्या तारखेपासून मोजणे. कपात उशिरा सुरू झाली असेल तर मुदतही तितकीच पुढे जाते. दुसरा म्हणजे ते आपोआप होईल असे धरून बसणे. कोषागारात नोंद असते हे खरे, पण गाव बदलल्यामुळे एका कोषागारातून दुसऱ्यात खाते गेले असेल तर नोंद मागे राहू शकते. ती तारीख घरच्या वहीत पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहावी आणि दोन महिने आधी साधा अर्ज द्यावा. ५८ व्या वर्षी निवृत्त झालेल्याच्या हिशेबाने ही तारीख त्र्याहत्तरीच्या आसपास येते, म्हणजे ज्या वयात तारखा विसरायला लागतात नेमके तेव्हा.

विकलेल्या भागाचा कुटुंब निवृत्तिवेतनावर परिणाम होत नाही, हे अनेक पत्नींना माहीत नसते. वरच्या उदाहरणात साधारण दराचे कुटुंब निवृत्तिवेतन मूळ वेतनाच्या ३० टक्के, म्हणजे ३०,००० आणि त्यावर महागाई वाढ. पती कपातीच्या काळात गेला म्हणून पत्नीच्या रकमेतून उरलेली कपात होत नाही. होत असेल तर तक्रार करावी. पत्नी स्वतः शिक्षिका वगैरे असून तिला स्वतःची पेन्शन असेल तरी कुटुंब निवृत्तिवेतन त्याशिवाय मिळते. एक सोडून दुसरे घ्यावे लागते हा गैरसमज आहे.

सगळ्यात महागात पडतो तो वाढीव दर. निवृत्तीनंतर थोड्याच वर्षांत पती गेला तर काही काळ कुटुंब निवृत्तिवेतन वाढीव दराने, आपल्या उदाहरणात ५०,००० ने, मिळते आणि पीपीओवरची तारीख उलटली की ३०,००० वर येते. ती तारीख कोषागाराच्या किंवा बँकेच्या नजरेतून सुटली तर वाढीव रक्कम पुढेही जमा होत राहते. चार-पाच वर्षांनी लेखापरीक्षणात ते सापडते आणि महागाई वाढीसकट लाखोंची वसुली विधवा बाईच्या नावे निघते. तिने काही लपवलेले नसते, तिला तारीखच माहीत नसते. ती तारीख वहीत असावी आणि त्या महिन्याच्या जमा रकमेकडे मुलाने फोनवरून का होईना, लक्ष द्यावे. रक्कम कमी झाली नाही तर आपणहून कळवावे आणि पोच घ्यावी.

पती गेल्यावरचा क्रम असा. मृत्यूच्या दिवसापर्यंतची पेन्शन त्याची, दुसऱ्या दिवसापासून पत्नीची. मृत्यूची नोंद २१ दिवसांत व्हायला हवी. रुग्णालय ती स्वतः कळवते, घरी मृत्यू झाला असेल तर घरच्यांनी करायची. दाखल्यावर नाव पीपीओप्रमाणेच आहे ना, हे छापण्याआधी पाहावे आणि आठ-दहा प्रती एकदमच घ्याव्यात. मग कोषागाराला आणि बँकेला लेखी कळवावे. बँकेला सांगायचे राहिले आणि पुढच्या महिन्याची पेन्शन जमा झाली, तर एटीएममधून ती काढू नये. ती रक्कम परत घेतली जाते, आणि खात्यात नसेल तर कुटुंब निवृत्तिवेतन सुरू करतानाच वाद उभा राहतो. कोषागारातल्या अर्जासोबत मूळ पीपीओ, मृत्यू दाखला, पत्नीचे आधार, पॅन, तिच्या बँक खात्याच्या पासबुकाचे पहिले पान, फोटो आणि सहीचा किंवा अंगठ्याचा नमुना लागतो. पत्नीचे नाव पीपीओवर असेल तर कोषागार स्वतःच सुरुवात करते, महालेखापालांकडे पुन्हा जावे लागत नाही. नाव नसेल, निवृत्तीनंतरचे दुसरे लग्न असेल किंवा पत्नी आधीच गेलेली असून दिव्यांग मुलगा-मुलगी मागे असेल, तर प्रकरण मूळ कार्यालयातून वर जाते आणि महिने लागतात. जे मूल अपंगत्वामुळे स्वतः कमावू शकत नाही त्याला हयातभर कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकते. अशा मुलाचे नाव, जिल्हा शल्यचिकित्सकांचे प्रमाणपत्र आणि पालकत्वाची व्यवस्था आईबापांनी आपल्या हयातीतच नोंदवून ठेवावी. हे काम 'पुढच्या वर्षी' म्हणून ढकलण्याचे नाही. थकबाकीसाठीचे नामनिर्देशन कुटुंब निवृत्तिवेतनाहून वेगळे असते. ते केलेले नसेल तर मृताच्या नावे राहिलेली वेतन आयोगाची थकबाकी मिळवायला वारस दाखल्याची वाट धरावी लागते.

नोव्हेंबर तोंडावर आहे म्हणून हयातीच्या दाखल्याबद्दल थोडक्यात. बँकेच्या शाखेत आलेल्या कोषागाराच्या यादीवर ३० नोव्हेंबरपर्यंत सही करणे ही जुनी पद्धत, आणि चालता येत असेल तर तीच बरी. मुलाकडे परगावी असाल तर 'जीवन प्रमाण' आणि 'आधार फेसआरडी' ही दोन ॲप एकाच फोनवर घ्यावी लागतात. म्हाताऱ्या बोटांचे ठसे उमटत नाहीत, चेहरा चालतो. उजेड समोरून हवा, चष्मा काढावा. अर्ज नामंजूर होण्याचे नेहमीचे कारण म्हणजे पेन्शन देणारी संस्था निवडताना महाराष्ट्राचे कोषागार न निवडता बँकेचे नाव निवडणे. दाखला तयार झाल्याचा संदेश येतो, पण तो कोषागारात पोहोचत नाही आणि पेन्शन थांबते. जिल्हा परिषदेच्या पेन्शनरांनी तर आपली पेन्शन नेमके कोण काढते हे आधी विचारून घ्यावे.

आयकराबद्दल एकच. पतीची पेन्शन पगारासारखी धरली जाते आणि तिच्यावर प्रमाणित वजावट मिळते. कुटुंब निवृत्तिवेतन 'इतर उत्पन्नात' जाते आणि त्यावर एक तृतीयांश किंवा ठरलेली मर्यादा, यांतले जे कमी असेल तेवढीच वजावट मिळते. ही मर्यादा जुन्या करप्रणालीत १५,००० आणि नव्या प्रणालीत २५,००० रुपये आहे. पतीचे विवरणपत्र समोर ठेवून पत्नीचे भरले की चूक ठरलेली.

स्थापत्य अभियंत्याच्या घरी आणखी एक गठ्ठा असतो, जो इतर खात्यांतल्यांकडे नसतो. जुन्या कामांच्या मोजमापांच्या प्रती, लेखापरीक्षणाच्या परिच्छेदांना दिलेली उत्तरे, लवादात दिलेल्या साक्षीची टिपणे. हा गठ्ठा रद्दीत घालू नये. १९८२ च्या निवृत्तिवेतन नियमांतल्या नियम २७ प्रमाणे निवृत्तीनंतर विभागीय चौकशी सुरू करता येते, पण ती सुरू होण्याआधी चार वर्षांपेक्षा जुन्या घटनेबद्दल नव्हे. तेव्हा शेवटच्या चार वर्षांतल्या कामांचे स्वतःचे कागद निवृत्तीनंतर निदान चार वर्षे तरी जपावेत, लवाद चालू असेल तर निकाल लागेपर्यंत. चौकशी चालू असताना निवृत्त झालेल्यांना नियम १३० खाली तात्पुरती पेन्शन मिळते आणि उपदान (ग्रॅच्युइटी) रोखले जाते. ही गोष्ट पत्नीला माहीत असावी. नाही तर ग्रॅच्युइटी कुठे गेली, यावरून घरात नको ते संशय शिरतात.

मात्र मूळ मोजमाप पुस्तक (एमबी), मूळ नकाशे, सरकारी शिक्के घरात सापडता कामा नयेत. बदलीच्या गडबडीत आलेले असतात, हेतू काही नसतो. पण माणूस गेल्यावर मुलाने ते भंगारवाल्याला दिले आणि तिकडे विभागात 'एमबी गहाळ' म्हणून पत्रव्यवहार चालू राहिला, तर कोणाकोणावर शेकेल सांगता येत नाही. आपल्या हाताने विभागात नेऊन द्यावे आणि आवक क्रमांकाची पोच घ्यावी.

वेतननिश्चितीत चूक झाली म्हणून निवृत्तीनंतर वसुली निघाली, तर सर्वोच्च न्यायालयाचा रफिक मसीह प्रकरणातला डिसेंबर २०१४ चा निकाल वाचावा. निवृत्त झालेल्यांकडून आणि वर्षभरात निवृत्त होणाऱ्यांकडून अशी वसुली करू नये, असे त्यात आहे. पण वेतननिश्चितीच्या वेळी 'जास्त रक्कम निघाल्यास परत करीन' असे हमीपत्र लिहून दिले असेल तर बाजू लंगडी होते. ते हमीपत्र दिले होते का, हे वहीत नोंदवावे.

आता घर. दुसऱ्याच्या इमारतीचे पूर्णत्वाचे नकाशे मागणाऱ्या अभियंत्याच्या स्वतःच्या घराचा असा नकाशा क्वचितच असतो. मंजूर नकाशा असतो, पण प्रत्यक्ष बांधकाम त्यापेक्षा वेगळे. पाया भरताना दोन स्तंभ सरकवलेले, मोरी इकडची तिकडे. पुढे सून स्वयंपाकघर मोठे करायला निघते, ठेकेदार म्हणतो भिंत पाडू, आणि भिंतीत स्तंभ निघतो. तो म्हणतो थोडा तासला तर काही होत नाही. सांगणारा माणूस घरात उरलेला नसतो.

एका मोठ्या कागदावर हाताने का होईना, पण इतके काढावे: प्रत्येक स्तंभाची जागा, माप आणि लोखंड (उदाहरणार्थ २३० × ३८०, १६ मिमीच्या सहा सळ्या), पायाचा प्रकार आणि खोली, जोत्याच्या तुळया, काँक्रीटची प्रत, बोअर, जमिनीतली टाकी, सेप्टिक टँक आणि तिचे झाकण, सांडपाण्याचे चेंबर, अर्थिंगचा खड्डा, पाण्याच्या मुख्य नळाचा व्हॉल्व्ह. अंतरे कुंपणाच्या भिंतीपासून लिहावीत, झाडापासून नव्हे; झाड तुटते. आणि एक वाक्य सहीनिशी: 'पाया तळमजला अधिक अमुक मजल्यांसाठी काढलेला आहे.' तोंडी सांगितलेला 'आपला पाया तीन मजल्यांचा आहे' हा नागपुरातल्या वाढीव बांधकामांचा सर्वात मोठा आणि सर्वात धोक्याचा आधार आहे.

नागपूरच्या बऱ्याच वस्त्या काळ्या मातीवर आहेत. ही माती पाणी प्याली की फुगते, वाळली की आकसते. जुन्या घरांपैकी काहींना खाली अंडर-रीम्ड पाइल (तळाशी फुगवटा दिलेले काँक्रीटचे खोल खांब) आहेत, काहींना काळी माती काढून मुरूम भरलेला आहे, तर काहींचा पाया मातीतच थांबलेला आहे. तीनही घरांना भेगा पडू शकतात, पण उपाय वेगळे. घरच्यांनी भेगा वाचायला शिकावे, ते अवघड नाही. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी गेलेली भेग मे महिन्यात रुंदावते आणि ऑगस्टमध्ये मिटते, तर ती मातीची हालचाल आहे. अशी भेग ऐन उन्हाळ्यात सिमेंटने बुजवली की पावसाळ्यात भिंत मिटायला पाहते, तिला जागा नसते, आणि शेजारी नवी भेग पडते. बारा महिने सारखी वाढतच जाणारी भेग म्हणजे पाया खचतो आहे. स्लॅबच्या लगेच खाली, भिंतीच्या वरच्या थरात आडवी गेलेली भेग बहुधा उन्हाने स्लॅब पसरल्याची. पंचेचाळीस अंशांच्या शहरात ती पडणारच, फार घाबरू नये. तुळईच्या किंवा स्तंभाच्या लांबीने सळईला धरून गेलेली, कडेला तांबूस डाग असलेली भेग मात्र गंजाची. तिच्यावर पुट्टी आणि रंग मारणे म्हणजे नुसते तोंड बंद करणे आहे.

भेग वाढते की नाही हे बघायला दोन्ही बाजूंना पेन्सिलीच्या खुणा करून महिन्याच्या पहिल्या तारखेला अंतर लिहावे, किंवा भेगेवर आडवी दहा सेंमीची काचपट्टी प्लास्टर ऑफ पॅरिसने चिकटवून तारीख घालावी. काच तडकली तर हालचाल आहे. एक पावसाळा आणि एक उन्हाळा असा पूर्ण फेरा झाल्याशिवाय दुरुस्तीवर मोठा खर्च करू नये.

मातीतला ओलावा सर्वत्र सारखा ठेवणे हा खरा उपाय आणि तो स्वस्तही आहे. घराभोवती निदान एक मीटर रुंदीचा, बाहेर उतार दिलेला कोबा असावा आणि जोत्याला जिथे तो टेकतो तो सांधा डांबराने किंवा सीलंटने बंद असावा. त्यानंतर आपल्या गावची खास चूक: कूलर. खिडकीबाहेर लावलेला कूलर एप्रिलपासून जूनपर्यंत थेंबथेंब गळतो. त्या एका कोपऱ्याखालची माती ओली आणि बाकी घराखालची कोरडी ठणठणीत. घराचा एकच कोपरा उचलला जातो. कूलरच्या जादा पाण्याला अर्ध्या इंची नळी लावून ती चेंबरपर्यंत न्यावी. गळका चेंबर, सेप्टिक टँकचा शोषखड्डा भिंतीजवळ असणे, पिंपळ किंवा गुलमोहर भिंतीलगत असणे, हे याच जातीचे दोष. झाड आणि घर यांत झाडाच्या पूर्ण उंचीएवढे अंतर असले तर उत्तम. वाढलेले झाड मात्र एकदम तोडू नये. इतकी वर्षे ते ओढत असलेले पाणी मातीतच राहते आणि माती फुगते.

गच्ची गळू लागली की घरी कोणी तरी सुचवते, जुन्या कोब्यावर नवा विटांचा कोबा टाका. येथे थांबावे. सरासरी १०० मिमी जाडीचा कोबा चौरस मीटरला साधारण दोनशे किलो भरतो, तर वापरातल्या गच्चीसाठी जिवंत भार (माणसे, सामान यांचे वजन) धरलेला असतो दीडशे किलो. म्हणजे नवा थर टाकल्यावर माणसे चढण्याआधीच हिशेब संपला. जुना कोबा काढूनच नवा करावा आणि काढताना स्लॅबवर मोठा घण चालवू देऊ नये. हजार लिटरची टाकी म्हणजे एक टन. ती तुळयांच्या किंवा स्तंभांच्या डोक्यावर बसवावी, दोन तुळयांच्या मधल्या स्लॅबवर नाही. तिसरी टाकी कुठे ठेवता येईल, हेही त्याच कागदावर लिहून ठेवावे.

मालकीच्या कागदांत नागपूरचे स्वतःचे प्रकार आहेत. सुधार प्रन्यासाचा भाडेपट्ट्याचा भूखंड असेल तर पट्टालेख, नूतनीकरणाची तारीख आणि भूभाड्याच्या पावत्या. गुंठेवारीतला (परवानगीविना गुंठ्यागुंठ्याने विकलेल्या जमिनीतला) असेल तर नियमितीकरणाचे पत्र, ज्याला सगळे 'आरएल' म्हणतात, आणि डिमांडच्या पावत्या. ते पत्र नसेल तर विक्री, कर्ज आणि बांधकाम परवानगी तिन्ही अडतात. सिटी सर्व्हेची आखीव पत्रिका, मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र, मालमत्ता कराची शेवटची पावती, वीज आणि पाण्याचे ग्राहक क्रमांक. घर एकट्याच्या नावे असेल आणि मृत्युपत्र नसेल, तर हिंदू वारसा कायद्याने पत्नी, मुलगे, मुली आणि आई हयात असेल तर आई, सारखे वाटेकरी. नामनिर्देशित व्यक्ती मालक होत नाही, ती फक्त रक्कम किंवा हक्क स्वीकारणारी असते. बँकेत थोरल्या मुलाचे नाव नॉमिनी म्हणून लिहिले आणि भावंडांत वितुष्ट आले, ही गोष्ट गल्लोगल्ली ऐकू येते.

मृत्युपत्र साध्या कागदावर चालते, मुद्रांक लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही. तरीही दुय्यम निबंधकाकडे नोंदवावे. दोन साक्षीदार हवेत, ते सज्ञान पण आपल्याहून वयाने लहान आणि वाटणीत नसलेले असावेत. मित्रमंडळातलाच पंचाहत्तरीचा साक्षीदार पुढे कोर्टात उभा राहायला मिळेलच असे नाही. हयातीतच घर मुलाच्या नावे बक्षीसपत्राने करण्याचा मोह राज्यात मुद्रांक शुल्क अवघे २०० रुपये असल्याने वाढतो, स्थानिक अधिभार निराळा. आमचे मत स्पष्ट आहे: करू नका. करायचेच असेल तर आईवडिलांची देखभाल ही अट दस्तात लिहूनच करा. ज्येष्ठ नागरिक कायदा, २००७ च्या कलम २३ चा आधार त्या अटीवर उभा राहतो. परदेशातल्या मुलाकडून हक्कसोड किंवा मुखत्यारपत्र आले तर ते भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांकित करावे, आणि हक्कसोडपत्राची नोंदणी झालीच पाहिजे. नोटरीचा शिक्का पुरत नाही.

निवृत्तीनंतरच्या सह्यांविषयीही बोलावे लागेल. महापालिका अधिनियमाच्या कलम २६५-अ प्रमाणे ३० वर्षांपेक्षा जुन्या इमारतीला संरचनात्मक स्थैर्याचा दाखला लागतो, आणि सोसायटीत एखादे 'डेप्युटी इंजिनियर साहेब' राहत असले की लोक चहाला बोलावून दाखला मागतात. परवाना घेतलेला नसेल, काँक्रीटची चाचणी केलेली नसेल, तर शेजारधर्म म्हणून सही करू नये. परवाना असेल तर तपासणीची टिपणे, फोटो, हातोडी व कार्बोनेशन चाचणीचे निकाल आणि दाखल्याची प्रत यांची वेगळी फाइल करावी आणि ती घरात कुठे आहे ते पत्नीला सांगावे. इमारतीला काही झाले तर नोटीस घरीच येते.

हे सगळे एका वहीत, एका फाइलमध्ये. पण पत्नीने ती वही नुसती पाहून उपयोग नाही. यंदाचा हयातीचा दाखला, कराची पावती, टाकी साफ करणाऱ्याला फोन, ही कामे तिने स्वतः करावीत आणि त्याने शेजारी गप्प बसावे. अभियंत्यांना हे जड जाते, सुपरव्हिजनची सवय सुटत नाही.

कोषागार कार्यालयाकडे आपल्या पत्रातून एक मागणी. नोव्हेंबरमध्ये बँकांत सहीसाठी जी यादी जाते, तिच्यात प्रत्येक पेन्शनरासमोर चार गोष्टी छापून याव्यात: पत्नीचे किंवा पतीचे नोंदलेले नाव, तिची वा त्याची जन्मतारीख, विकलेली पेन्शन पूर्ववत होण्याची तारीख, आणि कुटुंब निवृत्तिवेतन घेणाऱ्यांच्या बाबतीत वाढीव दर संपण्याची तारीख. जिथे रकाना कोरा असेल तिथे लाल खूण करावी आणि दुरुस्तीचा एक पानी नमुना त्याच टेबलावर ठेवावा. त्यासाठी नवा नियम लागत नाही, शासन निर्णय लागत नाही. माहिती कोषागारात आहेच, ती छापायची आहे.

आपले,
काही निवृत्त स्थापत्य अभियंते, नागपूर